आहेत

नारायण पेठेत, ऑफसेट मशीनच्या मागे
माझं टेबल. सव्वीस वर्षं झाली,
मी तिथं लोकांचं एकवचन सांभाळते.

समिती आभार मानते. मानतात नव्हे.
मंडळ कळवते. बँक दिलगीर आहे.
संस्था केवढीही असो, नऊ हजार सभासद असोत,
क्रियापदाच्या दारातून तिनं एकटीनंच आत यावं
असा उपासनींचा दंडक.
उपासनी म्हणजे मालक. एकटेच आहेत,
पण आले की 'आले'.
त्यांची बायको डबा घेऊन येते, ती 'आली'.
यावर कुणी लाल खूण केलेली मी पाहिली नाही.
मीसुद्धा केली नाही.

भोसरीची ती कंपनी बंद पडली
तेव्हा तिचं निवेदन आमच्याकडेच छापायला आलं.
'कंपनी हा निर्णय जड अंतःकरणाने घेत आहे.'
एक कंपनी, एक अंतःकरण.
सोबत कामगारांची यादी, तीनशे बारा नावं,
तिचे मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितले.
एकशे सत्याहत्तरावा माझा भाऊ होता.
वाक्य निर्दोष होतं.

खळदकर आले ते एका मंगळवारी,
दांडेकर पुलापासून चालत, हातात वहीचं पान.
दशक्रियेची पत्रिका, पन्नास प्रती.
कै. सौ. शेवंता. सकाळी साडेसात, ओंकारेश्वर.
'त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या'
इथं त्यांचं बोट थांबलं.
'बेचाळीस वर्षं आली नि गेली म्हटलं तिला.
आता बघा, होत्या.'

शेवटची ओळ:
समस्त खळदकर परिवार शोकाकुल आहेत.

पेन आपोआप चाललं.
'त'वर आडवी रेघ, समासात खुणेची शेपटी.
'परिवार आहे,' मी म्हटलं, 'समूहवाचक नाम.
आत माणसं किती का असेनात.'
किती आहेत, असं मी विचारलं नव्हतं.
'मी आहे,' ते म्हणाले.

मशीन कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका मोजत होतं.

मला उपासनींचे वडील आठवले.
बायकोला ते 'आमचं कुटुंब' म्हणायचे.
कुटुंब आजारी आहे, म्हणजे ती एकटी बाई
माजघरात तापानं फणफणलेली.
शब्द घरभर, आणि घरात पाणी द्यायला कुणी नाही.

'बाई, तो त राहू द्या,' खळदकर म्हणाले.
'कोपऱ्यात दिवा ठेवलाय, खाली पीठ पसरून.
दहाव्यापर्यंत माणूस घरातच असतं म्हणतात.
रात्री ज्योत हलली की मी विचारतो, काय गं.
तोवर आम्ही आहोत.'

मी 'त'खाली तीन टिंबं दिली.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, राहू दे.

उपासनींनी छापलेली प्रत उजेडात धरली.
'ही चूक तुमच्या नजरेतून सुटली?'
'सुटली नाही,' मी म्हटलं. 'मुदतीची आहे.'
त्यांना ते कळलं नाही. पन्नास प्रतींसाठी
कोण वाद घालतं. गठ्ठा बांधला गेला.

वर्षश्राद्धाला खळदकर पुन्हा आले.
जुनीच पत्रिका, तारीख बदललेली,
आणि शेवटचा 'त' त्यांनी स्वतःच
ब्लेडनं इतका खरवडलेला की कागदाला भोक.
पंचवीस प्रती.

मी वाचली. मला करायला काही ठेवलं नव्हतं.

'आणि शोकाकुल?' त्यांनी विचारलं.
'त्याचं काही करावं लागतं का? एकट्याला चालतो?'
'चालतो,' मी म्हटलं.
'तो शब्द वचनाप्रमाणे बदलत नाही.'

'बरंय,' म्हणाले,
आणि शर्टाच्या आतल्या खिशातून
सुटे पैसे काढून टेबलावर मोजायला लागले.